पांढरी

टाकीच्या पायासाठी खणताना
सात फुटांवर कुदळ अचानक मऊ गेली.
ठेकेदार म्हणाला, भरा काँक्रीट.
दगा मिस्तरी म्हणाला, थांबा भाऊ, आठे काहीतरी शे.

काही नव्हतं.
पांढऱ्या मातीत एक काळं वर्तुळ, परातीएवढं.
हात घातला तर कोपरापर्यंत गेला
आणि बोटांना कोळसा लागला.
तीन पावलांवर दुसरं. मग तिसरं.
मग वाकत वाकत ओळच निघाली, अनेर नदीकडे.

मी पालिकेचा व्हॉल्वमन.
तिसऱ्या दिवशी पाणी सोडायचं, वरच्या आळीला पहाटे चारला.
पण टेकाडाच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे,
म्हणून पुण्याहून आलेल्या त्या पोरीवर
एकवीस दिवस मीच छत्री धरली.
सुनेत्रा तिचं नाव. दात घासावेत तशी माती घासायची.
म्हणाली, काका, इथे किल्ला होता. लाकडाचा.
लाकूड कुठंय मग?
लाकूड कुजतं, जळतं, चोरीला जातं, ती म्हणाली,
भोक कोणी चोरत नाही.

तेव्हापासून पहाटे चाक फिरवताना
मला दिसतात ते:
नदीच्या उतारावर जकात बसवायला आलेला कुणी रावळ,
चाळीस घोडी, आणि उंचावर बसायची घाई.
उंच काही नव्हतंच इथे.
तेल्यांची नऊ घरं होती, कुंभाराचा आवा होता.
ती पाडली, आणि त्याच भिंतींची माती
त्याच माणसांच्या डोक्यावरून वाहवून
गावाच्या छातीवर हा फोड आणला.
साग सातपुड्याचा. पावऱ्यांनी तोडला,
अनेरच्या पुरात सोडून दिला,
इथल्या कोळ्यांनी कमरेएवढ्या पाण्यात अडवला.
दोन बुडाले. त्यांची नावं
कुठल्याच भोकात सापडली नाहीत.

वरच्या माळ्यावरून म्हणे तापी दिसायची.
दिसत असेल.
मला टाकीच्या शिडीवरून मोबाईलचे चार टॉवर दिसतात.

जळाला तो कधी, यावर गावात दोन पक्ष.
एक म्हणतो वीज पडली.
दुसरा म्हणतो, हिशेब तपासायला माणूस यायचा होता
त्याच्या आदल्या रात्रीच कशी पडली?
सुनेत्राला दप्तरात मोडीतली एक ओळ मिळाली:
गढी जळाली, सबब यंदा दुरुस्तीखर्च नाही.
ती हसली. मी नाही हसलो,
माझंही बिल तसंच लिहितात.

पुढे वर विटांची कचेरी झाली, साहेबाचा झेंडा,
मग दोन खोल्यांची कोठडी, मग कोठडीत शाळा,
चौथीपर्यंत मी त्याच गजांना धरून पाढे म्हटले.
मग छप्पर बसलं आणि शेळ्या आल्या.

एक दिवस तिने जुना नकाशा पसरला.
काका, साहेबाच्या मोजणीत हे टेकाड साठ फूट आहे,
आज एकतीस. उरलेलं गेलं कुठे?
मी तिला कठड्याशी नेलं. खाली बोट दाखवलं.
धाबी. सगळ्या गावाची सपाट, पांढरी धाबी.
दर वैशाखात बाया टोपल्या घेऊन यायच्या,
माझी आईसुद्धा, फाटकाखालून सरपटत.
झेलाबाई कुंभारीण सांगायची,
गढीनी माटी गळत नही.
खरंच गळायची नाही.
सुनेत्राने ब्रश खिशात ठेवला
आणि बराच वेळ काही लिहिलं नाही.

टाकीला बारा खांब. सातवा
बरोबर एका जुन्या भोकात उभा आहे.
इंजिनिअरला सांगितलं होतं, फूटभर सरकवा.
तो म्हणाला, ड्रॉईंग मंजूर आहे.

गेल्या दिवाळीनंतर आमचं धाबं उतरवलं, स्लॅब टाकला.
साडेतीन ट्रॉली माती निघाली.
एका ढेकळात काळी रेघ होती, बोटाने पुसली तर बोट काळं झालं.
ट्रॅक्टरवाल्याला विचारायचं होतं, कुठे ओतणार.
पण तिसरा दिवस होता,
वरच्या आळीत हंडे वाजायला लागले होते.